हातच्याचा प्रश्न : १२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येविषयीच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. अंकांची बेरीज ८१ येते म्हणून संख्येला ८१ ने भाग जातो, हे विधान चूक असल्याचा पहिला. आणि असले गुणधर्म संख्येचे नसून दशमान लेखनाचे असल्याने त्यांना गणित म्हणू नये, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ही कसोटी ३ आणि ९ यांच्यापुरतीच चालते. १८९९९९९९९९ च्या अंकांची बेरीजही ८१ च येते, पण ८१ ने भागल्यास बाकी ९ उरते. आपल्या संख्येला भाग जातो, कारण ती १११११११११ चा वर्ग आहे. या नऊ एकांची बेरीज ९, म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. १११११११११ ला त्याच संख्येने कागदावर गुणून पाहावे. एकेक घर डावीकडे सरकलेल्या नऊ ओळी मांडल्यावर प्रत्येक उभ्या रांगेतले एक मोजणे एवढेच काम उरते : उजवीकडून १, २, ३ असे चढत मधोमध ९, आणि पुन्हा उतरत १. कोठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रांगेत १० होतात, हातचा १ शेजारच्या ९ मध्ये मिळवल्यावर तेथेही १० होतात, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. त्याच्या अंकांची बेरीज १०० न होता ८२ होते, कारण प्रत्येक हातच्यापायी एका रांगेतले दहा जाऊन पुढच्या रांगेत एकच येतो. शिवाय विषम संख्येला ८२ ने भाग जाणे शक्यच नाही.

आता आठाच्या पायावर या, म्हणजे दहाऐवजी आठ झाले की हातचा येतो आणि ० ते ७ एवढेच अंक असतात, अशा लेखनाकडे. तेथे सात एकांचा, म्हणजे आपल्या २९९५९३ चा, वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो. अंकांची बेरीज ४९ होते आणि ४९ ने भागही जातो. कोणत्याही पायावर, त्याहून एकने कमी इतके एक घेतल्यास हेच घडते. दहा बदलल्यावरही जे टिकते, त्याला केवळ लेखनाचा योगायोग कसे म्हणावे?

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले, ते आजच्या डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हणणारेही तेच. त्यांच्या कामाला पुष्कळांनी करमणूक ठरवले, याचे मला फार वाईट वाटते.

आपले एक म्हणणे मात्र खरे आहे : हीच संख्या आठाच्या पायावर लिहिली, तर तिचा हा चढ-उतार दिसणार नाही. पण ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग हे तिचे मूळ अवयव, आणि त्यांतून येणारे तिचे ४५ विभाजक, तेव्हाही तेच राहतील.