पुन्हा तीच दोन टिंबे

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांची सॉफ्टवेअर तपासताना माझा संयम नेहमी एकाच ठिकाणी सुटतो. बिल डाउनलोड करण्याच्या दुव्यात फाइलचे नाव उघडे ठेवलेले असते आणि त्याच्याआधी ‘../’ (म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’) जोडत गेले की डेटाबेसच्या पासवर्डसह सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल हातात पडते. विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: “सर, आम्ही ‘../’ काढून टाकतो.” काढता, पण एकदाच, ‘....//’ पाठवले की मधले ‘../’ गळते आणि उरते ते पुन्हा ‘../’च!

हा दोष काही कालचा नाही. २००१ मध्ये निमडा या स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने (वर्मने) मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमधील याच जातीच्या छिद्राचा फायदा घेतला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो अपाचे या वेब सर्व्हरच्या २.४.४९ आवृत्तीत उघडकीस आला आणि २.४.५० मधील दुरुस्ती अपुरी ठरल्याने काही दिवसांतच २.४.५१ आणावी लागली.

मुळात वापरकर्त्याकडून फाइलचे नाव घ्यायचेच कशाला? बिलाचा क्रमांक घ्यावा आणि ते बिल त्याच ग्राहकाचे आहे का, हे पाहावे. नाव घेणे अटळच असेल, तर एन्कोडिंग (‘%2e’सारख्या सांकेतिक रूपात लिहिलेली अक्षरे) उलगडून, सिम्लिंकसकट (दुसऱ्या फाइलकडे वळवणाऱ्या दुव्यांसकट) खरा पूर्ण मार्ग काढून, तो ठरलेल्या फोल्डरच्या आतच राहतो ना, हे फाइल उघडण्यापूर्वी तपासावे. सेवा रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरील सर्वोच्च, अधिकाराने चालवू नये, हे तर सांगायलाही लागू नये.

यावर ऐकायला काय मिळते, तर “हे फक्त आतल्या नेटवर्कवर आहे”. आणि तेच पोर्टल सिन्नरचा डीलर घरबसल्या मोबाइलवर उघडत असतो.