यादवी पेटवायची? मग बाजाराचा दिवस टाळा

भाऊ, देशात यादवी पेटवायची म्हणून तुम्ही कंबर कसलीत, कौतुक आहे. पण ‘इतक्या जाती, इतक्या बोली, भांडण काय आपोआप लागेल’ या भरवशावर राहाल तर हात चोळत बसाल. आमच्या यावल-रावेरकडे बाजाराच्या दिवशी या. अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली, पावरी, गुजरी, उर्दू, सगळ्या बोली एकदम ओरडत असतात. भांडणं होतात, नाही असं नाही. पण ती केळीच्या भावावरून, नाहीतर भरताला बामणोदचंच वांगं हवं की नको यावरून. इतक्या तुकड्यांत कोणाला कोणावर सोडणार? फौज जमेपर्यंत भरीत गार!

शास्त्रही तुमच्या बाजूनं नाही. फिअरन आणि लेटिन या अमेरिकी अभ्यासकांनी 1945 ते 1999 मधली यादवी युद्धं तपासून 2003 मध्ये सांगितलं, की नुसत्या विविधतेनं काही पेटत नाही. गरिबी लागते, दुबळं सरकार लागतं, बंडखोरांना लपायला डोंगर लागतात. (सातपुडा आहे आपल्याकडे. एक तरी अट जमली.) टांझानियात शंभरावर जमाती, तरी देशभर यादवी कधी झाली नाही. सोमालियात बहुतेक सगळे एका भाषेचे, एका धर्माचे. तिथलं सरकार 1991 मध्ये कोसळलं आणि कुळं एकमेकांवर तुटून पडली.

म्हणून विविधता वाढवू नका, आटवा. दोनच उरू द्या, ‘आपण’ आणि ‘ते’. रवांडात हुतू-तुत्सींची भाषा एकच होती. बेल्जियमच्या साहेबांनी 1930 च्या दशकात ओळखपत्रावर जमात छापून दिली. पुढं रेडिओवरून शेजाऱ्याला झुरळ म्हणायला शिकवलं, आणि 1994 मध्ये शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. तुम्हाला तर रेडिओही नको, मोबाइल आहे. घाई नसेल तर श्रीलंकेचा कित्ता गिरवा: 1956 मध्ये कायद्यानं सिंहली ही एकच राजभाषा केली, तमिळांना सरकारी नोकरीचं दार जड झालं, 1983 मध्ये युद्ध पेटलं ते 2009 पर्यंत चाललं.

तारीख ठरवताना मात्र मला विचारा. माझी केळी कापणारी टोळी ‘त्यांची’, ट्रकवाला तिसऱ्यांचा, आणि ज्या व्यापाऱ्याकडं मागच्या हंगामाचे पैसे अडकलेत तो नेमका ‘त्यांच्यातला’च. घड कापला की थांबत नाही हो. वसुली होईपर्यंत जरा दम धरा.