«पाच मीटरवर उतरवून फसवलं» या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची तक्रार थोडक्यात अशी: गोव्यात स्कूबा डायव्हिंगसाठी ग्रँड आयलंडला नेऊन जेमतेम पाच मीटर पाण्यात उतरवलं, पाणी हिरवं-गढूळ होतं, इन्स्ट्रक्टरने पाठीवरची हवेची टाकी धरलेला हात सोडलाच नाही, कान दुखले म्हणून वर घेतलं त्यात निम्मा वेळ गेला, सबब निम्मे पैसे परत करा.

आधी खोलीचं बोलू. आणखी खाली नेलं असतं तर जास्त दिसलं असतं, असं तुम्ही धरून चाललाय. आमच्याकडे गणित उलटं आहे. मांडवी आणि जुवारी या नद्या गाळ आणून टाकतात, त्यामुळे ऊन फार खाली पोचत नाही. कोरल, म्हणजे प्रवाळ, जगतं ते त्याच्या अंगातल्या शेवाळाच्या जिवावर, आणि शेवाळाला ऊन लागतं. म्हणजे कोरल उथळात आणि मासेही तिथेच. तुम्ही टाकलेलाच व्हिडिओ पुन्हा बघा. खडकाच्या कपारीतून एक गोबरा मासा तोंड बाहेर काढून तुमच्याकडे टक लावून बघतोय. तुमचं लक्ष तेव्हा वर बोटीकडे होतं.

आता टाकीवरच्या हाताचं. उथळ म्हणजे बिनधोक, हा समज आम्ही रोज जेटीवर खोडून काढतो. पाच मीटरवर छातीभर घेतलेला श्वास कोंडून कुणी वर आलं, तर तीच हवा वर येईपर्यंत दीडपट फुगते. फुप्फुसाला इजा व्हायला तेवढं पुरतं. आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो: दम कोंडतो, वर झेपावतो. पहिल्यांदा उतरणाऱ्याला आमचा माणूस सोडणार नाही, तुम्ही कितीही उत्तम पोहत असलात तरी.

कानांचंही तसंच. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, आणि नवख्याचे कान पहिल्या काही मीटरांतच दडे बसल्यासारखे होतात. तुम्ही पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवलंत, इन्स्ट्रक्टरने तुम्हाला मीटरभर वर घेतलं, नाक चिमटीत धरून हवा ढकलायला लावली, कान सुटल्यावरच पुन्हा खाली नेलं. इथे घाई करणारा इन्स्ट्रक्टर मला नकोच आहे.

कोरलला हात लावू दिला नाही, हेही तुम्ही लिहिलंय. लावू देणारही नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते वाघाच्या पंगतीला आहे.

राहिला रंग. किनाऱ्यावरच्या एजंटने मोबाइलवर दाखवलेला निळाशार व्हिडिओ आमचा नाही. आमच्या पेजवरचे फोटो हिरवेच आहेत, त्यावरून लोक आम्हाला हसतात. निळं पाणीच हवं असेल तर मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला जा, तिथे पाणी बहुतेक वेळा आमच्यापेक्षा स्वच्छ असतं. धंदा माझा जाईल, पण खरं ते खरं.

तुम्ही आलात अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, ऐन उधाणात. पाण्याची ओढ जोरात असली की तळाचा गाळ उठतो. बोटीत चढण्याआधी हे सांगून, नको असेल तर पूर्ण पैसे परत देतो, असंही म्हटलं होतं. उद्या परतीची गाडी आहे, आजच उतरायचं, असं तुम्ही म्हणालात. त्यामुळे आता पैसे परत मिळणार नाहीत.

पुन्हा यायचं झालं तर दिवाळीनंतर या, अष्टमीच्या आसपास, भांगाची भरती बघून, तेव्हा ओढ कमी असते. आणि बुकिंग एजंटकडे न करता थेट आमच्याकडे करा.