इग्वानासोबत सेल्फी आणि ‘रेस्क्यू सेंटर’ची पाटी

कोकण पर्यटनाच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: लोकांनी हौसेने आणून नंतर टाकून दिलेले इग्वाना (मोठे परदेशी सरडे), मकाव (मोठे रंगीत परदेशी पोपट), अजगर, कासवं यांच्यासाठी किनाऱ्यावर रेस्क्यू सेंटरं काढा आणि ती पर्यटकांना खुली करा. प्राणी परदेशी, म्हणून परवानगीची भानगड नाही. तिकिटावर खर्च भागतो. इथली हवा त्यांना मानवते. मुलांना प्राणी हातात घेता येतात. ठणठणीत झालेले सह्याद्रीत सोडून देता येतात. पोरांना गावातच रोजगार. शेवटी ‘कोकणी माणसा, जागा हो’ आहेच.

टाकलेल्या प्राण्यांना आसरा हवा, यावर वाद नाही. वाद बाकीच्या जवळजवळ प्रत्येक वाक्याशी आहे.

परवानगी लागत नाही, ही समजूत एकेकाळी निम्मी खरी होती. वन्यजीव संरक्षण कायद्याचा रोख देशी प्राण्यांवर होता. पिंजऱ्यात पोपट ठेवला तर गुन्हा, मकाव ठेवला तर हौस. २०२२च्या दुरुस्तीने हे बदललं आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. हिरवा इग्वाना, बॉल पायथन हा आफ्रिकी अजगर, निळा-पिवळा मकाव, आफ्रिकन ग्रे पोपट हे सगळे तिच्यात येतात. असा प्राणी बाळगला तर नोंदणी सक्तीची. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. बजरीगर आणि कॉकाटील हे छोटे पोपट त्या यादीत नाहीत, म्हणून ते पाळणारे तेवढे सुटले. पण मेसेज लिहिणाऱ्याला खरी ठेच लागते ती पुढे. याच कायद्याने ‘प्राणिसंग्रहालया’च्या व्याख्येत रेस्क्यू सेंटरही धरलं आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता नसेल तर ते चालवताच येत नाही. रिसॉर्टच्या मागच्या वाडीत चार पिंजरे आणि वर पाटी, एवढ्यावर भागत नाही.

आता तिकिटाचं गणित. मेसेजमधला हा सगळ्यात गोड आणि सगळ्यात कच्चा भाग. किनाऱ्यावरचा धंदा दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याचा. मिरग लागला की समुद्र खवळतो, बोटी बंद होतात, आणि गणपतीला येणारा चाकरमानी आरतीला येतो, इग्वाना बघायला नाही. या काळात मकाव खायचा थांबत नाही. नीट सांभाळला तर तो पन्नास वर्षं जगू शकतो, म्हणजे केंद्र काढणाऱ्याच्या मुलालाही तो पुरून उरेल. २०२० आठवा: मार्चपासून टाळेबंदी, एक पर्यटक नाही, आणि ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरवर येऊन आदळलं. सुपारीच्या बागा आडव्या, कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नाही. सरपटणाऱ्यांना ऊब देणारे दिवे कशावर लावणार होतात? पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं.

गल्ला आटला की अशा केंद्रापुढे दोन सोप्या वाटा उरतात. एक, प्राणी अंगावर घेऊन फोटो, त्याचे वेगळे पैसे. दुसरी, पिल्लं काढून विकणं. दुसरी वाट मला जास्त घातक वाटते, कारण ती गोंडस दिसते. जिथे दर वर्षी नवी पिल्लं कौतुकाने दाखवतात, ते केंद्र प्राण्यांची पैदास करतं. वाचवायचे प्राणी आधीच जास्त झालेत, म्हणून तर केंद्र काढायचं म्हणत होतो ना?

हवेबद्दल थोडक्यात. इग्वाना दमट जंगलातला, त्याला एक वेळ चालेल. पण सुलकाटा कासव सहाराच्या कडेच्या कोरड्या मुलखातलं. रत्नागिरीच्या तीन हजार मिलिमीटरच्या पावसात त्याला न्यूमोनिया न होऊ देणं ही रोजची मेहनत आहे.

‘हातात घेतल्याने मुलांना प्रेम वाटतं.’ मुलांना वाटत असेल. इग्वाना हातावर निश्चल बसतो तेव्हा तो रमलेला असतोच असं नाही. घाबरलेले सरपटणारे प्राणी बरेचदा तसेच गोठून बसतात. शिवाय त्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. लहान मुलं आजारी पडत होती म्हणून अमेरिकेने १९७५मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्या कायद्यातही प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडणं, खायला घालणं, गोंगाट करून त्रास देणं मना आहे. आणि हात लावून आलेलं मूल घरी काय मागतं, हे पालकांना विचारा.

सोडून देण्याचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लाल कानाचं स्लायडर कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. दुकानात नाण्याएवढं, पुढे जेवणाच्या ताटलीएवढं. टाकी पुरेना की लोक पुण्य म्हणून देवळाच्या तळीत सोडतात. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते आपल्या काळ्या कासवाच्या अन्नावर आणि उन्हाला बसायच्या जागेवर हक्क सांगतं. डहाणूच्या उपचार केंद्रातून बऱ्या झालेल्या कासवांना समुद्रात सोडतात ते योग्यच, कारण तो समुद्र त्यांचाच आहे. इग्वानाला सह्याद्रीत असं घर नाही. तो मरेल, नाहीतर टिकेल, आणि टिकला तर जास्त वाईट.

राहिला रोजगार. २००२मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आज लोक तिथे घरोघरी उतरतात, जेवतात, आणि पिल्लं पाण्याकडे जाताना दोरीच्या अलीकडून बघतात. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमासा जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून जाळ्याची पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. कोकणात प्राणी वाचवून चार पैसे येतात ते असे.

एवढं असूनही कुणाला परदेशी प्राण्यांचं केंद्र काढायचंच असेल, तर मेसेजखाली चार ओळी जोडा: मान्यतेचं पत्र, पशुवैद्य कोण, पिल्लं होऊ नयेत म्हणून काय करता, आणि जून ते सप्टेंबर पैसा कुठून आणता. चारही उत्तरं आली की मीही तो पुढे पाठवीन.