ठणठणीत मुलाला डॉक्टरकडे कशाला न्यायचं?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात धुरळा उडाला. एक मैत्रीण, बावधनला राहते, दीड वर्षाच्या मुलीला लशीसाठी घेऊन गेली. डॉक्टरांनी लस टोचली आणि सोडायच्या ऐवजी बसवून घेतलं. डोक्याचा घेर मोजला, उंची-वजन तक्त्यावर मांडलं, हो-नाही असे वीस प्रश्न विचारले. हाक मारली की बघते का? हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? बाहुलीला खोटं खोटं जेवू घालते का? वर मोबाइल किती वेळ बघते हेही विचारलं. शेवटी म्हणाले, शब्द अजून फारसे दिसत नाहीत, एकदा कान तपासून घ्या. आणि या सगळ्याचे वेगळे पैसे लावले. मैत्रिणीने पावतीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "पोरगी ठणठणीत आहे. औषध एक दिलं नाही. बाराशे रुपये कशाचे?"

मग काय, सगळे तुटून पडले. लुटालूट चाललीय. अमेरिकेचं खूळ आहे हे. आमचे हे तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते, आता थांबत नाहीत. आपल्या लहानपणी कुठे होते असले फॉर्म, आपलं काय वाईट झालं? एकाने तर आपल्या डॉक्टरांचा नंबरच टाकला, "काही विचारत नाहीत, एका डोसात ताप खाली." मी एवढंच लिहिलं की इथे जर्मनीत प्रत्येक मुलाचं हे होतं आणि त्यात वावगं काही नाही. त्यावर उत्तर आलं, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस." खाली अंगठे.

ग्रुपवर यापुढे लिहिण्यात अर्थ नाही. इथे लिहिते.

माझा मुलगा स्टुटगार्टला जन्मला. त्याची पिवळी वही, म्हणजे मुलांच्या ठरलेल्या तपासण्यांची नोंदवही, त्याच्या पासपोर्टच्या आधी तयार झाली. या तपासण्यांना इथे 'यू' म्हणतात. यू-वन जन्मल्या जन्मल्या, यू-टू पहिल्या दहा दिवसांत, मग यू-थ्री, यू-फोर अशी गाडी जाते ती शाळेच्या तोंडावर यू-नाइनपर्यंत. सहा वर्षांच्या आत दहा तपासण्या, आणि यातल्या एकीलाही मूल आजारी असावं लागत नाही. उलट, आजारी मुलांच्या वेळा वेगळ्या आणि यू-च्या वेळा वेगळ्या, म्हणजे ठणठणीत पोर शेजारच्याचा खोकला घेऊन घरी जायला नको. १९७१ पासून हे चाललंय. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तर चुकवताच येत नाही. यू-सेव्हनला त्याने ठोकळ्यांचा मनोरा केला, जिना चढून दाखवला, डॉक्टरबाईंच्या टेबलावरचा स्टेथोस्कोप खिशात घालायचा प्रयत्न केला. बाई लिहीत होत्या. औषध नाही, सलाईन नाही, टॉनिक नाही. मी बाहेर पडले तेव्हा हातात कागदसुद्धा नव्हता, आणि मला ते अगदी साधं वाटलं.

आता कानांचं. मैत्रिणीने ग्रुपवर लिहिलं होतं, "आम्ही मागून टाळी वाजवली, वळली की." टाळीने हवा हलते, सावली पडते, आईच्या चेहऱ्यावर उत्सुकता दिसते, वळायला एवढं पुरतं. मूल आवाज ऐकतं आणि तरी बोलण्यातले स, श, फ त्याच्या कानी पडत नाहीत, असंही असतं. ज्याला ऐकू येत नाही ते बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार भरतं, गूँ-गूँ करतं. म्हणून घरच्यांना शंकाच येत नाही. जगभरचे डॉक्टर एक साधा हिशेब सांगतात. एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. जर्मनीत २००९ पासून प्रत्येक नवजात बाळाचे कान तपासणं हा त्याचा हक्क आहे. पुण्यातल्या बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत ही चाचणी होते, पण सगळीकडे नाही. मग दीड वर्षाच्या पोरीला शब्द कमी आहेत हे बघून कान तपासा म्हणणारा डॉक्टर लुटारू कसा? पहिली गोष्ट त्याने पहिली सांगितली, इतकंच.

आणि ते "आमचे हे तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते". बरं झालं, बोलले. जे पुढेही बोलले नाहीत त्यांचे किस्से मुंजीच्या पंगतीत कोणी सांगत नाही.

अमेरिकेचं खूळ म्हणणाऱ्यांना मात्र मला पुण्याच्या रास्ता पेठेत घेऊन जायचं आहे. तिथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांपासून एक अभ्यास सुरू केला. त्या गावांतली बाळं जन्मताना सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपली बाळं वजनाने कमी असूनही अंगावरची चरबी मात्र राखून असतात, आणि पुढच्या मधुमेहाचं मूळ तिथे असू शकतं, हे या लोकांनी जगाला दाखवलं. म्हणजे आजी ज्याला गुटगुटीत म्हणते त्याकडे तक्त्यावर टिंब मांडून बघायला हवं, हे पुण्यानेच शिकवलं. भारतातल्या मुलांच्या वाढीचे जे तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये काढले, त्यांच्यामागेही पुण्याच्याच खाडिलकर डॉक्टरांचं काम मोठं आहे. मैत्रिणीची मुलगी शाळेत गेली की तिची उंची याच तक्त्यांवर मांडली जाईल.

त्याहून गंमत सांगते. माझ्या आईकडे काम करणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात. त्यांच्या नातवाला अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला वजनकाट्यावर बसवतात आणि टिंब हिरव्यात आहे की पिवळ्यात ते दाखवतात. आशाताई बाळ घरी आल्यावर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येऊन जातात. ही पद्धत गडचिरोलीत बंग दांपत्याने उभी केली आणि तिथून ती देशभर गेली. मावशींच्या सुनेला मिळालेल्या सरकारी कार्डावर मूल कधी बसतं, कधी बोट दाखवतं याची चित्रं छापलेली आहेत. २०१३ पासून अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातली दिरंगाई अशा चारही गोष्टी तपासायला पथक जातं. सगळीकडे हे नीट चालतं असं मी म्हणत नाही. पण मावशींच्या नातवाची विकासाची तपासणी फुकट होते आणि बावधनच्या थ्री बीएचकेतली मैत्रीण तीच तपासणी म्हणजे फसवणूक समजते. आणि अमेरिकेचं नाव मध्ये येतं!

हाच ग्रुप "दुखणारी की न दुखणारी" या प्रश्नावर न दुखणाऱ्या लशीचे जास्तीचे पैसे हसत देतो. सरकारी केंद्रात पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची एकत्र लस फुकट मिळते, हडपसरला बनते म्हणून आपण तिचा अभिमानही बाळगतो, पण टोचून घेतो ती महागडी. कारण तिथे सुई दिसते, कुपी दिसते, फाइलीत स्टिकर लागतो. डॉक्टरांचा अर्धा तास कुठे चिकटवणार?

मला ठाऊक आहे, आता कोणी म्हणेल, तुला बोलायला काय जातं, तुला बिल येत नाही. खरं आहे. क्रांकेनकासे, म्हणजे इथली आरोग्य विमा संस्था, दर महिन्याला पगारातून कापून घेते, इतकी की पहिल्या पगाराची स्लिप बघून मी नवऱ्याला विचारलं होतं, हे चुकलंय का. पैसे मीही देतेच. पावती दिसत नाही म्हणून फोटो टाकता येत नाही.

आणि इथलं सगळं छान आहे असं मी कधी म्हटलं? बाळ पोटात असतानाच बालडॉक्टर शोधायला लागले तर जिथे फोन करावा तिथे आउफनामेश्टॉप. नवे पेशंट घेत नाही, धन्यवाद. शेवटी ट्रामने तीन गावं पलीकडे एक जागा मिळाली. किटाच्या, म्हणजे पाळणाघराच्या, पहिल्या हिवाळ्यात पोराचं नाक सतत वाहत होतं आणि बाईंचा सल्ला दर वेळी तोच: चहा द्या, तीन दिवस बघा. ताप चढला की पोटऱ्यांना ओल्या पट्ट्या. माझी आजी कपाळावर ठेवायची तर तिला अडाणी म्हणायचो. इथे तेच पदवीधर बाई सांगतात आणि मी मान डोलावते. पण अँटिबायोटिक मागून मिळत नाही हे मला हळूहळू पटलं. विषाणूच्या सर्दीवर ते चालत नाही, एवढं तर आम्ही दहावीच्या जीवशास्त्रात शिकलो होतो. ग्रुपवरचे सगळे त्याच वर्गात होते.

एका बाबतीत तर भारत इथल्यापेक्षा सरस आहे आणि हे कोणी बोलत नाही. १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करता येत नाही, नमुने वाटता येत नाहीत. इथे मी बाळंत व्हायच्या आधीच फॉर्म्युला कंपनीची रंगीत पत्रं घरी यायला लागली होती.

२०२२ च्या हिवाळ्यात तर जर्मनीत तापाचं सिरप मिळेना. युरोपातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था आणि औषधाच्या दुकानात मुलांचं पॅरासिटामॉल नाही, आयबुप्रोफेन नाही. सगळीकडे आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूची साथ, डॉक्टरांच्या दारात रांगा. आई आली ती बाकरवडीच्या पाकिटांमध्ये सिरपच्या बाटल्या गुंडाळून. एका रात्री पोर चाळीसला पोचलं. ११६११७ या डॉक्टरी मदतीच्या फोनवर संगीत ऐकत बसले आणि दुसऱ्या हाताने बहिणीच्या मुलांच्या डॉक्टरांना पुण्याला मेसेज टाकला. इथे साडेनऊ, म्हणजे तिथे मध्यरात्रीचे दोन. दोन मिनिटांत उत्तर. वजन किती? लघवी होतेय का? डोळे मिटूनच पडलाय की पाणी मागतोय? पॅरासिटामॉल किलोला पंधरा मिलिग्रॅम धरा, सहा तासांच्या आत पुन्हा नको, मान ताठ वाटली किंवा हाक मारून उठला नाही तर लगेच दवाखाना. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. पैशांचं मी विचारलं तर हात जोडलेला इमोजी.

त्या डॉक्टरांना मग मागच्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन भेटायला गेले. कर्वे रस्त्याच्या आतला दवाखाना, बाहेर चपलांचा ढीग, आत कंपाउंडर नावं पुकारतोय. मी पिवळी वही पुढे केली. त्यांनी आकडे वाचले, जर्मन सोडून दिलं, मग मुलाची डावी बाही वर केली आणि म्हणाले, "बीसीजी नाही?" जर्मनीत १९९८ पासून ही क्षयाची लस सुचवत नाहीत, त्यामुळे त्याच्या दंडावर ती खूण नाही. माझ्या आहे, नवऱ्याच्या आहे, ग्रुपवरच्या झाडून सगळ्यांच्या आहे. वैद्यकीयदृष्ट्या यात काही बिघडलेलं नाही हे मला नीट समजतं. तरी मी त्याची बाही जरा घाईनेच खाली ओढली.

मग त्यांनी त्याच्याशी मराठीत गप्पा सुरू केल्या. काय खातोस, आजीकडे कोण कोण आहे, मांजर आहे का. त्याने नीट उत्तरं दिली, मध्येच एखादा आउख, म्हणजे जर्मन 'सुद्धा', घुसडत. अचानक ते म्हणाले, "केळं म्हण बरं." तो म्हणाला, "केलं." "काळा." "काला." डॉक्टर हसले, म्हणाले, "येईल. हा उशिरानेच येतो. ऐकत राहिला तर."

स्टुटगार्टच्या बाई चांगल्या आहेत. यू-सेव्हनला शब्द किती म्हणून विचारलं तेव्हा मी मम्म, भूर, चिऊ, काऊ, जोजो सगळं सांगितलं, त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून खूण केली आणि घरी मराठीच बोला असं बजावलंही. पुढच्या यू-ला त्या त्याचं जर्मन ऐकतील, बारकाईने ऐकतील, काही अडलं तर लोगोपेडीला, म्हणजे वाचा-उपचाराला, पाठवतील आणि क्रांकेनकासे पैसे देईल. पण ळ नाही हे त्या दवाखान्यात कोणालाही कधीही ऐकू येणार नाही. मैत्रिणीच्या मुलीचा एकेक हुंकार ओळखणारा माणूस रिक्षाच्या अंतरावर बसलाय, आणि ती त्याच्या पावतीचे फोटो टाकते. मला राग नेमका कशाचा येतो हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण ते वाचून आणखी अंगठे आले असते.

निघताना फी विचारली. डॉक्टर म्हणाले, "छे, कशाची? तपासलं कुठे, गप्पा तर मारल्या." मी नोटा टेबलावर ठेवल्या, त्यांनी परत सरकवल्या, मी पुन्हा ठेवल्या. शेवटी मी त्यांना सरळ सांगितलं, तुमच्या या भिडेनेच आमचे लोक बिघडलेत. गप्पांचे पैसे तुम्हीच कधी घेत नाही, मग ज्याने घेतले तो चोर ठरतो. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "तुम्ही कोथरूडच्या ना?" म्हणाले आणि पाचशेची एक नोट ठेवून घेऊन बाकीच्या परत दिल्या. कंपाउंडरने तोवर पुढचं नाव पुकारलं होतं.