पिटो ट्यूबची साइज? जी हाताला लागेल ती!

पाइपातल्या हवेचा वेग मोजायचाय आणि पिटो ट्यूब (दाबावरून वेग सांगणारी, L आकाराची बारीक नळी) कुठल्या साइजची घ्यावी म्हणून डोकं खाजवत बसलात? उगाच. ड्रॉवर उघडा, पहिली हाताला लागेल ती उचला, बहुतेक ८ मिमीवालीच निघेल, झालं सिलेक्शन. कोणी फाटे फोडलेच तर सांगा की १७३२ मध्ये ही ट्यूब काढणाऱ्या आंरी पितोने पॅरिसच्या सेन नदीत नळी बुडवून वेग मोजला, तेव्हा नळीने नदी थोडीच अडली? मग तुमचा २ इंची पाइप काय वेगळा आहे, वाहतंच ना त्यातूनही.

आता काही चिकित्सक मंडळी म्हणतील की ट्यूबची जाडी पाइपाच्या व्यासाच्या तिसाव्या भागापेक्षा जास्त नको, ८ मिमीवालीला निदान १० इंची डक्ट (हवेचा पाइप) हवा, ४ इंचीत ३ मिमीची बारकी घाला वगैरे. ऐकू नका. ५० मिमीच्या पाइपात मध्यापर्यंत ८ मिमीची दांडी खुपसली की जवळपास १० टक्के वाट तुम्हीच अडवता, हवा बिचारी अंग चोरून बाजूने पळते, पळताना वेग वाढतो, आणि तो वाढलेला वेग थेट तुमच्या रिपोर्टात! फुकटात फ्लो वाढला, अजून काय पाहिजे.

अर्थात आधी ती आत जायला हवी. नेहमीच्या डिझाइनमध्ये ट्यूबचं नाक, म्हणजे पुढचा वळलेला भाग, जाडीच्या १६ पट लांब असतं, म्हणजे १२८ मिमी, आणि पाइप ५० चा. वळणार कशी? भोक मोठं करा. अजून मोठं करा. फटीतून शिट्टी मारत जी हवा बाहेर येते ती मोजायची नसते, ती वेगळी हवा.

रीडिंग फारच कमी आलं तर अजून जाड ट्यूब मागवा, म्हणजे प्रेशर जास्त मिळेल. (मिळत नाही म्हणा, प्रेशर वेगाच्या वर्गावर चालतं, जाडीवर नाही, १० मीटर प्रति सेकंदला ६० पास्कल आणि २ ला जेमतेम २.४, पण जाड वस्तू हातात असली की माणसाला धीर येतो.) मॅनोमीटरची (ट्यूबला जोडलेल्या दाब मोजणाऱ्या मशीनची) चूक १ पास्कल इकडेतिकडे असेल तर त्या २.४ चं खरं १.४ पण असू शकतं नाहीतर ३.४ पण, वेगात सहज वीसेक टक्क्यांचा घोळ. असू दे. डिस्प्लेवर दशांशानंतर दोन आकडे दिसतायत ना, मग मशीन खोटं कशाला बोलेल?

जागा? एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वळणाला, चिकटून, शिडी तिथेच पोचते. एल्बोनंतर आठ-दहा व्यास सरळ पाइप सोडायचा असतो म्हणे, तेवढं चालणार कोण. आणि रीडिंग एकच, बरोबर मध्यभागी, जिथे हवा सगळ्यात जोरात असते, तिला एरियाने गुणलं की काम संपलं, पंधरा-वीस ठिकाणी ट्यूब सरकवत ट्रॅव्हर्स घेणाऱ्यांना दुसरे उद्योग नसावेत. फ्लो जरा जास्तच आला असं वाटलं तर घाबरू नका, हवा २०० अंशाची असली तरी घनता साध्या थंड हवेची, १.२ किलो प्रति घनमीटरच धरा, आकडा वीसेक टक्के आपोआप खाली येतो. मधल्या रीडिंगने चढवलं, घनतेने उतरवलं, उत्तर जवळपास बरोबर!

भोकावर टेप मारा. पुढच्या वर्षी परत तिथूनच मोजायचंय.