पांढरी टोपी दिसली की मराठी?

नमस्कार. टोपी-फेट्यांवरच्या आमच्या लेखाबद्दल आपण लिहिलंय. आपलं म्हणणं असं की, बेळगाव भागात गांधी टोपी दिसली की माणूस मराठी आणि डोक्याला रुमाल गुंडाळलेला दिसला की कन्नड. एवढं सरळ असताना लेखात उगाच काथ्याकूट केलाय.

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, हुक्केरीच्या बाजारात हे गणित टिकत नाही. पांढरी टोपी घालून कन्नडात घासाघीस करणारे म्हातारे तिथं हवे तेवढे, आणि पटका बांधलेले मराठी शेतकरीही. ही टोपी आली स्वातंत्र्याच्या चळवळीतून, भाषेतून नव्हे. गंमत म्हणजे काँग्रेसच्या १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाचे अध्यक्ष खुद्द गांधीजी, पण त्यांचंच डोकं उघडं. त्यांनी टोपी १९२१ मध्येच सोडली होती.

टोपीवरून कळतो तो वापर. आतल्या पट्टीवर कपाळाच्या बाजूला घामाची पिवळी रेघ असेल तर ती रोजची, रानातली. घडी करकरीत असेल तर ठेवणीतली. खळ बेताची हवी: मोठा चमचाभर मैदा गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, अर्धा लिटर पाण्यात शिजवून गाळायचा, टोपी बुडवून पिळायची आणि दमट असतानाच इस्त्री फिरवायची. खळ दाट झाली की पापुद्रे सुटतात आणि कापड नेमकं घडीवर विरतं. कोरी खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून डोक्याच्या घेरापेक्षा अर्धा इंच सैल घ्यावी. मापात घेतलेली टोपी पुढं डोक्यावर नुसती टेकते, आणि बघणारे म्हणतात, काय ऐट आहे! ऐट कसली, टोपी आटलीय.

फेट्याचंही तसंच. साधारण आठ-नऊ मीटर कापड चुणून घ्यायचं, शेमल्यासाठी हातभर टोक पाठीवर सोडायचं, मग वेढे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून तिरके, शेवटच्या टोकाचा तुरा. सगळी मदार पहिल्या वेढ्यावर. तो सैल राहिला तर वरात निम्म्यावर येईतो फेटा कानावर उतरतो. फार आवळला तर नवरदेवाचं डोकं ठणकतं. सिंथेटिक कापड घसरतं, त्याला आतून पिना लागतात. शिवलेला तयार फेटा लांबूनही ओळखू येतो: वेढे सारखेच्या सारखे, आणि कपाळापाशी फट.

भाषा दिसते ती सत्कारात. मराठी मंडळाच्या व्यासपीठावर बहुधा कोल्हापुरी फेटा बांधतात, कन्नड कार्यक्रमात जरीकाठी म्हैसूर पेटा चढवतात. पण त्यावरून कळते ती सत्कार करणाऱ्यांची भाषा, पाहुण्याची नव्हे. एकाच पाहुण्याचे दोन्ही फोटो एकाच दिवाणखान्यात शेजारी-शेजारी लावलेले असतात. आपण गावाचं नाव दिलं नाहीत. निपाणीकडचे असाल तर असे दिवाणखाने आपणही पाहिले असतील.